आडनाव पांढरं, सायकल आकाशी

समजा, तुम्ही स्वतःसाठी रोड बाइक बनवून घेताय. दुकानात टांगलेली तयार नाही, मापं देऊन शिवलेल्या कपड्यासारखी. पायांची लांबी मोजून झाली, हात मोजून झाले, फ्रेमची साइज ठरली. स्टील की कार्बन यावर मित्रांशी आठवडाभर भांडून झालं. गिअर, चाकं, सीट सगळं फायनल. मग फ्रेम बनवणारा शेवटचा प्रश्न विचारतो, रंग कुठला? आणि इथे गाडी अडते. शेड कार्ड घरभर फिरतं. घरचे म्हणतात काळा घे, मळ दिसत नाही. मित्र म्हणतो निऑन घे, रात्री दिसशील. तुम्हाला दोन्ही नको असतं, पण काय हवंय तेही सांगता येत नाही.

या प्रश्नाचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उत्तर ज्या माणसाच्या नावावर आहे, तो 1946 मध्ये गेला. तुम्ही सायकलवाले असाल तर त्याचं नाव रोज वाचता, फ्रेमच्या खालच्या नळीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. बियांकी. एदोआर्दो बियांकी. इटालियनमध्ये ‘बियांको’ म्हणजे पांढरा आणि ‘बियांकी’ हे त्याचंच अनेकवचन. म्हणजे आपल्याकडच्या पांढरेंसारखंच आडनाव. आणि या पांढरेंच्या सायकली जगभर ओळखल्या जातात त्या चेलेस्ते रंगामुळे. चेलेस्ते म्हणजे आकाशाचा रंग. प्रत्यक्षात तो धड आकाशीही नाही आणि धड पिस्ताही नाही, दोघांच्या मधे कुठेतरी आहे. एकदा पाहिला की लांबूनही ओळखू येतो.

एदोआर्दोचा जन्म 1865 सालचा, मिलानचा. तो वाढला तिथल्या मार्तिनित नावाच्या अनाथाश्रमात. या आश्रमाचं नाव लक्षात ठेवा, कारण इथून बाहेर पडलेल्या मुलांची यादी भारी आहे. पुढे इटलीतला मोठा प्रकाशक झालेला आंजेलो रित्सोली इथलाच आणि जगभर चष्मे विकणाऱ्या लुक्सोत्तिकाचा संस्थापक लेओनार्दो देल वेक्यो हाही इथलाच. आश्रमात मुलांना हाताला काम लावायची पद्धत होती. एदोआर्दो अगदी लहानपणी, आठव्या वर्षी, लोखंडकामाच्या कारखान्यात लागला असं सांगतात. आपण तिसरीत पाढे पाठ करत होतो त्या वयात.

वीस वर्षांचा झाल्यावर, 1885 मध्ये, त्यानं मिलानच्या वीया निरोने रस्त्यावर 7 नंबरच्या जागेत छोटंसं वर्कशॉप टाकलं. सुरुवातीला तिथे फक्त सायकली होत नव्हत्या. शस्त्रक्रियेची उपकरणं, विजेवर वाजणाऱ्या घंटा अशी बारीक, नेमकी कामं तो करायचा. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. सर्जनच्या हातातलं हत्यार बनवणाऱ्याला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालत नाही आणि चांगल्या सायकल फ्रेमचंही तसंच असतं. नळ्या जिथे एकमेकींना मिळतात तो कोन जरा चुकला की सायकल एका बाजूला ओढते आणि मग तुम्ही कितीही महागडी चाकं लावा, काही उपयोग नाही.

ते 1885 साल सायकलच्या इतिहासात मोठं आहे. तोवर रस्त्यावर होती ती उंच सायकल, पुढचं चाक माणसाच्या छातीइतकं आणि मागचं ताटलीएवढं. पडलात तर थेट तोंडावर. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली. दोन जवळपास सारखी चाकं, मधे पेडल, मागच्या चाकाला साखळी. आज तुम्ही चालवता ती सायकल मुळात तीच. मिलानमध्ये बियांकीही त्याच दिशेनं विचार करत होता. पुढचं चाक लहान करायचं, पेडल खाली आणायचं, साखळी घालायची. 1888 मध्ये डनलॉपनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि इटलीत तो टायर सायकलला लावणाऱ्या अगदी पहिल्यांमध्ये बियांकी होता. त्याआधी चाकांवर भरीव रबर असायचं. दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर त्यानं कमरेचं काय होत असेल, विचार करा.

आता त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात खास ऑर्डरकडे येऊ. साल 1895. मोंझाच्या राजवाड्यातून बोलावणं आलं. इटलीची राणी मार्गेरीता हिला सायकल हवी होती. होय, पिझ्झाच्या मेन्यूवर जिचं नाव आहे तीच मार्गेरीता. त्या पिझ्झाची गोष्ट कितपत खरी, यावर अभ्यासक अजून भांडतात. सायकलची ऑर्डर मात्र खरी.

ही खऱ्या अर्थानं कस्टम बाइक होती आणि अवघड होती. अडचण नीट समजून घ्या. पुरुषांच्या सायकलला वरची आडवी नळी असते. ती, सीटखालची आणि खालची तिरकी नळी मिळून त्रिकोण होतो आणि फ्रेमची सगळी ताकद त्या त्रिकोणात असते. पण त्या काळच्या बाईच्या अंगावर पायघोळ झगा. आडव्या नळीवरून पाय टाकणं शक्यच नाही. म्हणून ती नळी खाली आणायची. खाली आणली की त्रिकोण बिघडतो आणि फ्रेम लवचिक होते, मग उरलेल्या नळ्यांना जास्त भार घ्यावा लागतो. वर झगा साखळीत अडकू नये म्हणून साखळीला झाकण आणि मागच्या चाकाच्या काड्यांत जाऊ नये म्हणून बाजूला जाळी. आपल्याकडे लेडीज सायकल म्हणून जी ओळखतो, तिच्या मागच्या चाकावरची जाळी याच कारणासाठी आली. कुणाचा झगा तर कुणाची ओढणी. इतकंच नाही, राणीला सायकल शिकवायचं कामही बियांकीकडेच आलं. आश्रमात वाढलेला तिशीतला कारागीर राजवाड्याच्या बागेत राणीला तोल सांभाळायला शिकवतोय, एवढ्यावर कुणीही वेब सिरीज काढेल. या कामानंतर त्याला राजघराण्याचं चिन्ह वापरायची परवानगी मिळाली. बियांकीच्या फ्रेमवर पुढे जो मुकुटधारी गरुड असतो, त्याच्याकडे आता नीट बघा.

रंगाची पहिली दंतकथा इथूनच सुरू होते. म्हणतात की राणीच्या डोळ्यांचा जो रंग होता, तोच बियांकीनं सायकलला दिला. दुसरी कथा म्हणते, राणीबिणी काही नाही, हे मिलानचं आकाश आहे. तिसरी सगळ्यात कमी रोमँटिक. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराचा हिरवा रंग डब्यांनी उरला होता, त्यात पांढरा आणि निळा मिसळून हा तयार केला. तिन्हींपैकी एकीचाही पक्का पुरावा नाही. मला विचाराल तर माझं मत तिसरीच्या बाजूनं झुकतं. युद्धात बियांकीचा कारखाना सैन्यासाठी काम करत होता. इटलीच्या बेर्साल्येरी सैनिकांसाठी त्यांनी घडी घालून पाठीवर घेता येणारी सायकलही बनवली होती. आणि कारखान्यात रंग डब्यानं येतो, कवितेनं येत नाही. शिवाय राणीच्या डोळ्यांची कथा मानायची तर आणखी एक पंचाईत आहे. हा रंग कधी एकसारखा राहिलाच नाही. काही वर्षांच्या सायकली निळसर, काही वर्षांच्या हिरवट. डोळे असे बदलत नाहीत.

पण कथा कुठलीही धरा, निर्णय धाडसाचाच होता. त्या काळी सायकल म्हणजे काळी. काळं इनॅमल स्वस्त पडायचं, भट्टीत भाजलं की घट्ट बसायचं आणि ग्रीस, चिखल, ओरखडे सगळं पोटात घालायचं. घरचे आज जे सांगतात तेच. फिकट रंगावर सगळं दिसतं. नळ्यांचा सांधा पितळ वितळवून भरला असेल आणि नीट घासला नसेल, तर तेही काळ्यापेक्षा जास्त उठून दिसतं. इटलीतले तेव्हाचे बरेच रस्ते पांढऱ्या धुळीचे. अशा रस्त्यांवर आकाशी सायकल उतरवणं म्हणजे, चालू भाषेत, डेरिंग.

दरम्यान धंदा वाढत होता. 1899 मध्ये तोमासेल्ली नावाच्या रेसरनं बियांकीवर पॅरिसची मोठी ट्रॅक शर्यत जिंकली आणि बियांकीला कळलं की शर्यतीइतकी चांगली जाहिरात नाही. 1911 मध्ये कार्लो गालेत्तीनं बियांकीच्या टीममधून जिरो दि’तालिया जिंकली. कंपनी मोटारसायकली आणि मोटारीही बनवायला लागली होती. 1914 पर्यंत आकडे असे होते : वर्षाला 45,000 सायकली, 1,500 मोटारसायकली आणि 1,000 मोटारी. एका खोलीत घंटा बनवणाऱ्याच्या मानानं वाईट नाही.

मोटारींची गोष्ट इथे सोडून देतो, कारण मला तुम्हाला 1946 मध्ये न्यायचंय.

दुसरं महायुद्ध संपलं होतं. मिलानमधला बियांकीचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेला. एदोआर्दोनं ऐंशी ओलांडलेली. आणि कंपनीच्या टीममध्ये एक काडीसारखा तरुण आला होता, फाउस्तो कोप्पी. लहानपणी तो खाटकाच्या दुकानातला माल सायकलवरून घरोघर पोचवायचा. युद्धात उत्तर आफ्रिकेत इंग्रजांच्या कैदेत पडला, 1945 मध्ये सुटून आला. कोप्पीचं शरीर विचित्र होतं. पाय लांबलचक, धड आखूड, छाती पुढे आलेली. चालताना अवघडल्यासारखा दिसायचा. दुकानातली तयार फ्रेम अशा माणसाला बसणं कठीण. पण बियांकीच्या रेसिंग विभागात, म्हणजे रेपार्तो कोर्सेमध्ये, रायडरच्या मापानंच फ्रेम बनायच्या. सायकलवर बसला की तोच अवघडलेला माणूस यंत्राचा भाग वाटायचा.

19 मार्च 1946. मिलान ते सान रेमो, जवळपास 290 किलोमीटर. युद्धानंतर इटलीचे पूल, रस्ते मोडलेले, घरात पुरेसं खायला नाही, पण लोक रस्त्याच्या कडेला उभे होते. कोप्पी खूप लवकर पुढे निघाला. तूर्किनो घाटात उरलेल्या सोबत्यालाही त्यानं मागे टाकलं आणि पुढचे सुमारे 147 किलोमीटर एकट्यानं कापले. दुसरा आलेला फ्रेंच रायडर लुसियाँ तेसेर तब्बल 14 मिनिटं मागे होता. रेडिओवर निवेदकाला इतका वेळ काय बोलावं कळेना आणि मधे गाणी लावावी लागली, असा किस्सा इटलीत अजून सांगतात.

आता रंगाबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा वर्तमानपत्रातले फोटो काळे-पांढरे. रेडिओवर रंग दिसत नाही. चेलेस्ते कळण्यासाठी रस्त्यावरच जाऊन उभं राहावं लागायचं. ज्यांनी त्या दिवशी ती आकाशी सायकल धूळ उडवत एकटी जाताना पाहिली, त्यांनी ती घरी जाऊन सांगितली. पुढची काही वर्षं इटलीत दोन तट पडले. एक कोप्पीचा, एक जिनो बार्तालीचा. बार्ताली तेव्हा लेन्यानो टीमचा आणि लेन्यानोचा रंग हिरवा. आपल्याकडे आयपीएलला पिवळे आणि निळे असतात ना, तसंच, फक्त हे भांडण दोन माणसांवरून होतं आणि घराघरात शिरलेलं होतं.

एदोआर्दो बियांकी त्या शर्यतीनंतर चार महिन्यांच्या आत, 3 जुलै 1946 ला, वारेझेमध्ये गेला. कोप्पीनं 1949 मध्ये जिरो आणि तूर द फ्रान्स एकाच वर्षी जिंकली, 1952 मध्ये पुन्हा तेच केलं, दोन्ही वेळा बियांकीवर. यातलं काहीच म्हाताऱ्यानं पाहिलं नाही. अर्धशतकानंतर, 1998 मध्ये मार्को पंतानीनंही एकाच वर्षी दोन्ही जिंकल्या. त्याच्या सायकलवर पिवळ्याबरोबर होता तो चेलेस्तेच.

तर तुमच्या फ्रेमकडे परत. बियांकी कंपनी आज त्रेविल्योमध्ये आहे, मिलानपासून फार लांब नाही. तिनं तावोलोत्सा म्हणजे रंगाची पाटी या नावानं एक सोय आणली, ज्यात काही मॉडेल्सवर गिऱ्हाईक स्वतःचे रंग निवडू शकतो. म्हणजे बियांकी घ्यायची आणि आकाशी नको, असंही चालतं.

पण तुम्हाला चेलेस्तेच हवा असेल आणि तो तुम्ही आपल्याकडच्या एखाद्या पेंटरकडून मारून घेणार असाल, तर मोबाइलवरचा फोटो दाखवू नका. स्क्रीनवर तो निळा दिसतो, उन्हात हिरवा निघतो. शक्य असेल तर कुणाची तरी खरी सायकल घेऊन जा, रंग तिच्या शेजारी ठेवून मिसळून घ्या, एका तुकड्यावर मारून वाळू द्या आणि बाहेर उजेडात बघा. आणि पेंटरला आधीच सांगून ठेवा की कुठल्या सालातला चेलेस्ते हवाय.