गणितवेडे कापरेकर गुरुजी

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्यांनीच मुलाला आकडेमोडीची गोडी लावली. दत्तात्रय आठ वर्षांचे असताना आई वारली. शाळा ठाण्याला झाली. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे बक्षीस मिळाले.

१९३० ते १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. मला वाटलं आपल्या राहुरीजवळची देवळाली. पण ही नाशिकजवळची निघाली.

मुंबईकडे डोंबिवली स्टेशन आहे. त्याला तेव्हा डेमलो म्हणत. तिथे गुरुजींना काही संख्या सुचल्या, म्हणून त्यांचं नाव डेमलो संख्या. आपल्या पाथर्डीला रेल्वे नाही. आपण एष्टीची वाट बघताना शेंगा खातो!

११ ला ११ ने गुणलं की १२१ येतात. १११ ला १११ ने गुणलं की १२३२१. मोहट्याचा गड चढून उतरावा तसे आकडे चढतात नि उतरतात. नऊ वेळा १ लिहून त्या संख्येला तिनेच गुणलं तर १२३४५६७८९८७६५४३२१ येतात. हा गुणाकार मी पाठकोऱ्या कागदावर केला. ओळी सरकल्या म्हणून दोनदा चुकले. पण हातचा कुठेच येत नाही, कारण मधल्या उभ्या रांगेत नऊच एक असतात. दहा वेळा १ घेतला तर तिथे दहा होतात, हातचा येतो आणि गड मोडतो.

ज्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला गुरुजींनी हर्षद संख्या म्हटलं. १२१ ची बेरीज ४, भाग जात नाही. १२३२१ ची बेरीज ९, भागाकार १३६९, बाकी शून्य. आपल्या सतरा आकडी संख्येची बेरीज ८१, आणि तिलाही ८१ ने पूर्ण भाग जातो. म्हणजे ती डेमलो पण आहे आणि हर्षद पण.

त्या काळी पुष्कळ गणितज्ञांना गुरुजींचं हे काम किरकोळ वाटे. मला ते पटत नाही. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, मग जगभर नाव झालं. तोवर गुरुजी निवृत्त झाले होते, पेन्शन पुरत नसे म्हणून शिकवण्या घेत. १९८६ साली ते वारले.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध संख्या ६१७४. चार आकडी संख्या घ्या, चारही आकडे सारखे नकोत. त्या आकड्यांची मोठ्यात मोठी संख्या करा, त्यातून लहानात लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच करा. शून्य आलं तर तेही धरा. सात वजाबाक्यांच्या आत ६१७४ येतेच. माझ्या आजोबांनी दुष्काळाचं साल सांगितलं, १९७२. बरोबर सातव्या वेळी आली. खाली कोरा कागद लावलाय आणि पेन्सील दोऱ्याला बांधली आहे. पालकांनीपण करून बघावं.