चिमणीच्या कातड्यापासून पक्षिशास्त्रापर्यंत : डॉ. सलीम अली

भारतातील पक्ष्यांचा शास्त्रशुद्ध परिचय घराघरांत पोहोचविणारे डॉ. सलीम अली पक्षिमित्र म्हणून सर्वांना परिचित आहेत. त्यांच्या अभ्यासाचा प्रारंभ मात्र छऱ्याच्या बंदुकीने आणि मृत पक्ष्याचे कातडे सोलून ते टिकविण्याच्या कलेने झाला.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आई-वडिलांचे छत्र फार लवकर हरपल्याने खेतवाडीतील मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. बालपणी टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसल्याने त्यांचे कुतूहल जागे झाले. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठविले. ही साधी चिमणी नसून पीतकंठी चिमणी असल्याचे मिलार्ड यांनी सांगितले आणि संस्थेच्या संग्रहातील पेंढा भरलेले पक्षी त्यांना दाखविले. पुढे क्युरेटर नॉर्मन किनियर यांच्या मार्गदर्शनाखाली सलीम अली पक्षी सोलून जतन करण्याचे तंत्र शिकले.

हे काम दिसते त्याहून नाजूक असते. पक्षी हाती येताच त्याच्या घशात कापूस घातला जातो, जेणेकरून रक्ताने पिसे खराब होऊ नयेत. डोळे, चोच आणि पाय यांचे रंग मृत्यूनंतर लवकर फिके पडतात. म्हणून ते तत्काळ नोंदवावे लागतात. त्यानंतर छातीच्या हाडापासून खाली पोटावर सरळ छेद देऊन कातडे हळूहळू मांसापासून सुटे केले जाते. ओलावा शोषण्यासाठी लाकडाचा भुसा भुरभुरतात. पाय, शेपटी आणि पंख सांध्यापाशी सुटे करून कातडे मोज्यासारखे डोक्यापर्यंत उलटवितात. बदके, सुतारपक्षी किंवा अमेरिकेतील रानटी टर्की यांचे डोके मानेच्या मानाने मोठे असल्याने ते मानेतून उलटत नाही. तेथे मागच्या बाजूस वेगळा छेद घ्यावा लागतो. मेंदू, डोळे आणि चरबी काढून आतून सोमलयुक्त साबण लावण्याची त्या काळी पद्धत होती. अखेरीस काडीभोवती गुंडाळलेला कापूस भरून टाके घातले जातात.

शोभेसाठी मांडलेला पक्षी तारेच्या आधाराने जिवंत असल्यासारखा उभा केला जातो. अभ्यासासाठी जतन केलेला पक्षी मात्र पाठीवर आडवा ठेवतात. त्याचे मोल पायाला बांधलेल्या चिठ्ठीत असते. दिनांक, ठिकाण, लिंग आणि संग्राहकाचे नाव यांविना ते कातडे शास्त्राच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी ठरते.

सलीम अली यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. ब्रह्मदेशातील तवॉय येथे काही वर्षे कौटुंबिक व्यवसाय सांभाळून ते मुंबईला परतले. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिक्षण घेऊन ते परतले, तेव्हा नोकरी उरली नव्हती. अलिबागजवळील किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. बंदूक बाजूला ठेवून तासन् तास केलेल्या या निरीक्षणाने त्यांना नवी दृष्टी दिली.

केवळ मोहिमेचा खर्च मिळावा, वेतन नको, या अटीवर त्यांनी १९३१ मध्ये हैदराबाद संस्थानाच्या पक्षिसर्वेक्षणाचे काम स्वीकारले. पत्नी तहमिना त्यांच्यासोबत होत्या. उष्ण हवेत पक्षी लवकर कुजत असल्याने पक्षी टिपल्यावर सोलण्याचे काम लांबणीवर टाकता येत नसे. जमविलेली कातडी ह्यू व्हिसलर यांनी अभ्यासली. निष्कारण हत्या सलीम अली यांना मान्य नव्हती; परंतु कोणता पक्षी कोठे आढळतो याचा ठोस पुरावा हवा असेल, तर मर्यादित नमुने घेणे आवश्यक आहे, अशी त्यांची भूमिका होती.

हा पुरावा प्रामाणिकपणावर किती अवलंबून असतो, हे पुढे एका धक्कादायक प्रकरणातून उघड झाले. १९३७ मध्ये सलीम अली ज्यांच्यासमवेत अफगाणिस्तानात गेले होते, त्या रिचर्ड माइनर्त्सहागेन यांनी संग्रहालयांतील कातडी चोरून त्यांवर खोट्या चिठ्ठ्या लावल्याचे १९९० च्या दशकात सिद्ध झाले. रानपिंगळा या घुबडाचा १९१४ मधील गुजरातचा नमुनाही असाच बनावट होता. खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात गोळा केलेले कातडे नव्याने भरून तो तयार करण्यात आला होता. कातडे सोलण्याच्या आणि भरण्याच्या पद्धतीनेच ही लबाडी उघड केली. खोटी नोंद बाजूला सारल्यावर शोधाची दिशा बदलली आणि १८८४ नंतर तब्बल ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, आताच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा आढळला.

दरम्यान सलीम अली यांच्या कामाचे स्वरूप बदलत गेले होते. १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने त्यांनी स्थलांतरित पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प चालविला. तंजावरच्या मराठी राजवटीमुळे परिचित असलेल्या तिरुवैयारु परिसरातून कावेरीचे फाटे समुद्राकडे पसरत जातात. याच त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिण टोकावरील कोडिक्करै, म्हणजेच पॉइंट कॅलिमेर, येथील पाणथळीचे महत्त्व त्यांनी ओळखले. १९६७ मध्ये तेथे अभयारण्य झाले. तेथे सोसायटीच्या अभ्यासकांनी जाळ्यात अलगद पकडलेले हजारो पक्षी मोजून, पायात क्रमांकित कडी घालून सोडून दिले. पूर्वी मृत पक्ष्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी जी माहिती देई, त्याहून अधिक माहिती आता जिवंत पक्षी देऊ लागला.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. डिलन रिप्ली यांच्यासह सिद्ध केलेला दहा खंडांचा संदर्भग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रकाशित झाला. भरतपूर आणि सायलेंट व्हॅली यांच्या रक्षणासाठी त्यांनी आपले वजन खर्ची घातले. १९७६ मध्ये पद्मविभूषण किताबाने त्यांचा गौरव झाला. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

संग्रहालयांच्या कप्प्यांत जपलेली जुनी कातडी आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात. तळपायाच्या त्वचेच्या सूक्ष्म तुकड्यातून डीएनए तपासता येतो आणि नामशेष झालेल्या अधिवासाचा मागही काढता येतो. सलीम अली यांच्या पिढीने लिहिलेल्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या, म्हणूनच हे शक्य होते.