दादासाहेब फाळके व चांदीचे क्षार

दादासाहेब फाळके यांचे नाव निघाले म्हणजे आमचे नाशिककर बांधव ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतात व तेथेच थांबतात. तो चित्रपट ज्या विद्येवर उभा राहिला, त्या रसायनविद्येची कोणी वास्तपुस्त करीत नाही, याचा आम्हांस विषाद वाटतो.

धुंडिराज गोविंद फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी एका शास्त्र्यांच्या घरी जन्मले. शास्त्र्याच्या मुलाने चित्रकला, छायाचित्रण व मुद्रण हे धंदे पत्करून रसायनांत बोटे काळी करावी, हे त्या काळी सोपे नव्हते. १९१२ साली विलायतेस जाऊन ते चित्रपटाची कला शिकून आले; पण भांडवल कोण देणार? त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून ती पडद्यावर दाखविली, तेव्हा कोठे कर्ज मिळाले. आमच्या सावकारमंडळींस विद्या डोळ्यांनी दिसल्यावाचून पटत नाही, हे खरे!

ती विद्या अशी. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन व आयोडीन ही एकाच कुळातील मूलद्रव्ये असून चांदीशी संयोग पावून त्यांचे क्षार होतात. पैकी फ्लोराइड पाण्यात सहज विरघळते, म्हणून फितीच्या लेपास ते निरुपयोगी. ब्रोमाइड विरघळत नाही, व उजेड लागताच त्याच्या कणांत सूक्ष्म पालट होतो. पुढे फीत योग्य द्रावणात बुडविली की उजेड लागलेल्या जागी काळी धातुरूप चांदी उमटते. शिल्लक क्षार हायपोच्या पाण्याने निघून जातो. नायट्रेटच्या द्रावणात मिठाचे पाणी घालून निघणारा पांढरा साका उन्हात कसा काळवंडतो, हे शाळामास्तरांनी मुलांस अवश्य करून दाखवावे. फ्लोराइडे मात्र विषारी. ती मुलांच्या हाती देऊ नयेत.

हे काम फाळक्यांनी एकट्याने केले नाही. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी दागिने तर दिलेच, शिवाय अंधारात कोऱ्या फितीस भोके पाडली व रसायने कालविली. ज्या काळी स्त्रियांस शाळेची पायरीही दुर्लभ, त्या काळी ही बाई घरात प्रयोगशाळा चालवीत होती. ३ मे १९१३ रोजी मुंबईस चित्रपट लोकांपुढे आला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकास आणला. १९१८ साली येथे हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. बोलपट आल्यावर त्यांचा धंदा मागे पडला व १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकातच ते वारले.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. तेथे एक अंधारी खोली करून फीत धुण्याची क्रिया लोकांस प्रत्यक्ष दाखवावी, तिच्या दारावर सरस्वतीबाईंचे नाव कोरावे, व त्या खर्चाचा पहिला आकडा पेठेतील व्यापाऱ्यांनी घालावा, असे आम्ही सुचवितो.