मेलिटाबाईंचा टीपकागद

गेल्या पावसाळ्यात आमच्या सूनबाईने घरात एक चिनी मातीचे नरसाळे आणले. बुडाशी बारीक भोक, धरायला कपासारखा कान, आणि सोबत निमुळत्या कागदी पिशव्यांचा एक पुडा. नरसाळे पेल्यावर ठेवायचे, त्यात कागद बसवायचा, कागदात कॉफीची पूड घालायची आणि वरून कढत पाणी बेताबेताने ओतायचे. खाली थेंबथेंब कॉफी गळते. आमच्या घरची कॉफी म्हणजे पूड आणि साखर दुधात उकळून, वर जायफळ किसून घालून, फडक्यातून गाळलेली. सासूबाईंच्या वेळेपासून ते फडके कॉफीचे म्हणून वेगळे असे आणि कितीही धुतले तरी त्याचा तपकिरी डाग व वास जात नसे. अशा घरात हे नरसाळे म्हणजे पोरखेळच वाटला. परंतु पुड्यावर ठळक अक्षरांत मेलिटा असे छापले होते. मी ते कारखान्याचे नाव समजले. ते मुळात एका बाईचे नाव आहे, असे सूनबाईने सांगितले. तेव्हापासून त्या बाईंची हकीकत मिळेल तेथून वाचीत आले आणि यंदाच्या स्मरणिकेत ती मंडळाच्या भगिनींना सांगावी असे मनाने घेतले.

मेलिटाबाईंचा जन्म ३१ जानेवारी १८७३ रोजी जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी झाला. माहेरचे आडनाव लिब्शर. वडील पुस्तकविक्रेते, आजोळी-पणजोळी कोठेतरी बिअर गाळण्याचा धंदा होता म्हणतात, म्हणजे गाळण्याशी घराण्याचा संबंध जुनाच म्हणायचा! ड्रेस्डेन ही सॅक्सनीची राजधानी. एल्ब नदीच्या काठी वसलेली. जवळच मायसेन येथे चिनी मातीची नाजूक भांडी होत, आणि सॅक्सनीचे लोक कॉफीचे इतके भोक्ते की उरलेल्या जर्मनीत त्यांची त्यावरून थट्टा चाले. आपल्याकडे हळदीकुंकवाला बायका जमतात तशा तिकडच्या बायका दुपारी कॉफीच्या निमित्ताने एकमेकींकडे जमत. अशा गावात मेलिटाबाई वाढल्या आणि ह्यूगो बेंट्झ नावाच्या गृहस्थांशी लग्न करून तेथेच संसाराला लागल्या. ह्यूगो एका मोठ्या दुकानात नोकरीला होते. विली आणि हॉर्स्ट हे दोन मुलगे झाले. एवढ्यावर चरित्र संपले असते, जसे आपल्यापैकी बहुतेकींचे संपते.

पण मेलिटाबाईंना कॉफीतील साका खपत नसे. त्या काळी घरोघरी पूड पाण्यात घालून उकळीत किंवा वरून आधण ओतून ती खाली बसण्याची वाट पाहात. शेवटच्या घोटाला रवाळ गाळ दाताखाली येई. पूड पाण्यात पडून राहिल्यामुळे कॉफी कडवट होई ती वेगळीच. कोणी तागाच्या कापडातून गाळीत, तर ते कापड धुण्याची कटकट, आणि नीट धुतले नाही तर कालचा आंबूस वास आजच्या कॉफीला. हे वाचताना मला आमचे फडके आठवले आणि साता समुद्रापलीकडच्या या बाई एकदम शेजारच्या वाटू लागल्या.

१९०८ साली त्यांनी घरातले एक पितळी भांडे घेतले आणि खिळ्याने ठोकून त्याच्या बुडाला भोके पाडली. मग शाळेत जाणाऱ्या विलीच्या वहीतला टीपकागद काढून, गोल कापून, त्या भोकांवर पसरला. आजच्या मुलांनी टीपकागद पाहिलाही नसेल. दौत-टाकाच्या दिवसांत ओली शाई टिपायला तो लागे. कागदावर पूड, पुडीवर कढत पाणी. पाणी पुडीतून एकदाच गेले, अर्क घेऊन खाली उतरले आणि साका वर राहिला. पुन्हा उकळणे नाही, म्हणून कडवटपणा कमी. कागद बारीक गाळाबरोबर कॉफीतले तेलही पुष्कळसे धरून ठेवतो, म्हणून कॉफी नितळ दिसते. काम झाले की कागदासकट चोथा टाकून द्यायचा. धुणे नाही, वास नाही.

येथवरची गोष्ट मला फारशी नवलाची वाटत नाही. अशा युक्त्या बायका रोज करतात. नवल पुढे आहे. मेलिटाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या भांड्याची नोंद करायला त्या सरकारदरबारी गेल्या, आणि जून १९०८ मध्ये साम्राज्याच्या पेटंट कचेरीत त्यांच्या गाळणीची नोंद झाली. त्याच वर्षी १५ डिसेंबरला त्यांच्याच नावाने पेढी नोंदली गेली. पतीच्या नव्हे, त्यांच्या. शंभर फेनिगांचा एक मार्क होई. पेढीचे नोंदलेले भांडवल होते ७३ फेनिग, म्हणजे मार्कही पुरता नव्हता. गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जतचा पसारा उभा राहिला, हे आपण ऐकत आलो आहोत. ही त्याच्या अर्धशतकापूर्वीची त्याच जातीची गोष्ट.

तो काळ कसा होता हेही सांगितले पाहिजे. १९०० पासून लागू झालेल्या जर्मन कायद्याप्रमाणे संसारातील सर्व बाबतींत अखेरचा शब्द नवऱ्याचा असे. साऱ्या जर्मनीत बायकांना राजकीय संस्थांचे सभासद होण्याची मोकळीक १९०८ सालीच मिळाली, आणि मताचा हक्क तर त्यानंतर दहा वर्षांनी, १९१८ मध्ये. अशा दिवसांत एका गृहिणीने स्वयंपाकघरातील भांड्यावर आपले नाव घातले.

येथे मला माझ्या आत्याची आठवण येते. ती आगाशीला असे. राजेळी केळ्यांची सुकेळी करण्यात तिचा हातखंडा होता. सोलून उन्हात घातलेल्या केळ्यांवर माश्या घोंघावत. आत्याने जुन्या मच्छरदाणीचे तुकडे बांबूच्या चौकटींवर ताणून बसवले आणि चौकटींना चार-चार बोटांचे पाय केले, म्हणजे जाळी केळ्यांना चिकटत नाही आणि वाराही खेळतो. दुसऱ्या हंगामाला अर्ध्या आळीत तशा चौकटी दिसू लागल्या. पुढे माल उचलणाऱ्या एका व्यापाऱ्याने तशाच चौकटी करवून घेऊन विकल्या आणि लोक त्या त्याच्याच नावाने मागू लागले. आत्याला त्याचे वाईट वाटले नाही; निदान तिने तसे दाखवले नाही. मला वाटले. मी तेव्हा मॅट्रिक झालेली, अर्जबिर्ज लिहिता येणारी, आणि तरीही गप्प बसले. अशा गोष्टीची नोंद करता येते, त्यासाठी कचेरी असते, हे आमच्या घरात कोणाच्या गावीही नव्हते. असो.

बेंट्झांच्या घरी पाच खोल्या होत्या. त्यातली आठ चौरस मीटरची एक खोली धंद्याला दिली. गिरगावच्या चाळीतली खोलीसुद्धा याहून ऐसपैस असते. पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून भांडी करवून घेतली. मुलगे हातगाडीवर खोकी घालून गिऱ्हाइकांकडे पोचवू लागले, आणि पुढे ह्यूगोरावांनी आपली नोकरी सोडून बायकोच्या धंद्यात काम धरले. हा गृहस्थ मला फार आवडतो. १९०९ साली लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी बाराशे गाळण्या विकल्या. ड्रेस्डेनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. १९११ मध्ये मुलगी झाली, हेर्टा. धंदा आणि बाळंतपण दोन्ही एकाच घरात, एकाच बाईच्या अंगावर.

मग १९१४ चे महायुद्ध आले. ह्यूगोराव सैन्यात गेले, रुमानियाच्या बाजूला. धातू लढाईच्या कामी जाऊ लागला, कागदावर नियंत्रण आले, आणि समुद्र अडवला गेल्यामुळे कॉफीचे दाणेच येईनात. गाळणी आहे पण गाळायला काही नाही, अशी गत. मेलिटाबाईंनी त्या दिवसांत पुठ्ठ्याची खोकी विकून घर चालवले. आपल्या मंडळात ज्या भगिनींनी टाळेबंदीच्या २०२० सालात शिकवण्या किंवा खानावळ बंद पडल्यावर घरी मास्क शिवून दिवस काढले, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

युद्धानंतर धंदा झपाट्याने वाढला आणि त्याबरोबर नकला करणारेही वाढले. तेव्हा १९२५ साली आपला माल ओळखू यावा म्हणून पुड्याला लाल-हिरवा रंग दिला. १९२८ च्या सुमारास ऐंशी कामगार दोन पाळ्यांत काम करीत होते. ड्रेस्डेनमध्ये जागा पुरेना, म्हणून १९२९ साली कारखाना पश्चिमेकडे मिंडेन या गावी हलवला. माझ्याकडे आहे तशी निमुळती गाळणी आणि तिच्या आकाराची कागदी पिशवी हे १९३० नंतरच्या दशकातले. पहिल्या गाळणीचे बूड पसरट होते.

१९३२ साली मेलिटाबाईंनी धंद्याचा मोठा वाटा मुलांच्या स्वाधीन केला. पण कामगारांकडचे लक्ष काढले नाही. नाताळात बक्षिसी, वर्षाची भरपगारी रजा सहा दिवसांवरून पंधरा दिवस, आठवड्याला पाचच दिवस काम, आणि अडीअडचणीला एक मदतनिधी. जिने स्वतः आठ चौरस मीटरच्या खोलीत खोकी भरली तिला कामगाराची पाठ केव्हा भरून येते ते कळणारच.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवणे बरे नव्हे. हिटलरच्या राजवटीत कारखाना मुलाच्या, हॉर्स्टच्या, हाती होता आणि तो त्या राजवटीच्या बाजूने उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात तेथे लढाईचा मालही झाला. मेलिटाबाई तेव्हा म्हाताऱ्या झाल्या होत्या. पण पुड्यावरचे नाव त्यांचेच होते. नाव घालण्याची हीही एक बाजू आहे. चांगल्याबरोबर हेही त्या नावाला चिकटले.

युद्ध संपल्यावर इंग्रजांनी कारखान्याची जागा ताब्यात घेतली. १९४६ मध्ये ह्यूगोराव वारले. २९ जून १९५० रोजी मिंडेनजवळच्या होल्त्सहाउझेन येथे मेलिटाबाईंनी देह ठेवला. वय सत्याहत्तर. त्यांची पेढी आजही मिंडेनलाच आहे आणि कुटुंबाच्याच मालकीची आहे.

आता पाककृती, कारण ती विचारल्याशिवाय कोणी मला सोडणार नाही. पहिल्या दिवशी मी बाजारातली चिकरी मिसळलेली बारीक पूड घातली. पाणी वरच तुंबले आणि जे उतरले ते काढ्यासारखे. पूड बारीक रव्याएवढी जाडसर हवी आणि शक्य तर निव्वळ कॉफीची. एका मोठ्या पेल्याला पंधरा ग्रॅम पूड व अडीचशे मिलिलिटर पाणी. कागदाची शिवण दुमडून तो नरसाळ्यात बसवावा आणि आधी नुसत्या कढत पाण्याने भिजवून ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे कागदाची चव येत नाही. आधण उतरवून मिनिटभर थांबावे. प्रथम पूड भिजेल एवढेच पाणी घालावे. ताजी पूड फुगून वर येते. अर्ध्या मिनिटाने बाकीचे पाणी बारीक धारेने गोल गोल फिरवीत तीन-चार वेळा घालावे. सारे तीन-चार मिनिटांत उतरते. फार वेळ लागला तर पूड बारीक झाली, भर्रकन उतरले तर जाड. आपल्याकडच्या पावसाळी हवेत पूड लगेच सादळते, तेव्हा घट्ट झाकणाच्या बरणीत थोडीच दळून ठेवावी.

घरातील वडील मंडळींना ती बिनदुधाची कॉफी मानवली नाही. मी त्यांच्या पेल्यात कढत दूध घालते आणि वर जायफळ किसते. फडके आता सुटीला गेले आहे. कागद संपले तर तेच पुन्हा काढावे लागते, म्हणून टाकले नाही. उरलेला चोथा कागदासकट परसातल्या सोनचाफ्याच्या मुळाशी पुरते. आठ-दहा दिवसांनी पाहिले तर कागद मातीत विरू लागलेला असतो.