बरणीत उगवलेले गवत

डॉक्टर नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड यांचा दवाखाना लंडनच्या पूर्व भागात, गोदीजवळच्या वेलक्लोज स्क्वेअरमध्ये होता. खलाशी, हमाल, कारखान्यात राबणारी माणसे हे त्यांचे रोगी. त्या वस्तीवर कोळशाचा धूर बारा महिने साचलेला असे. माणसे खोकत आणि झाडे मरत. दगडी कोळशाच्या धुरातली काजळी पानांवर बसली की प्रकाश अडतो, पानांची सूक्ष्म छिद्रे बुजतात, आणि धुरातले गंधकाचे वायू पानांच्या पेशी जाळतात. हे सारे रसायन पुढे नीट उलगडले. वॉर्ड यांना एवढे कळत होते की आपल्या परसात काही टिकत नाही.

त्यांचा जन्म १७९१ चा, लंडनचाच. वडीलही डॉक्टर. तेराव्या वर्षी मुलाला जमैकाच्या सफरीवर धाडले गेले, आणि तिथली झाडे पाहून तो आला तो वनस्पतींचे वेड घेऊनच. व्यवसाय मात्र वडिलांचाच करावा लागला. पहाटे लवकर उठून शहराबाहेर जायचे, रानातली झाडे गोळा करायची आणि परत येऊन रोगी तपासायचे, असा त्यांचा क्रम. परसात त्यांनी दगडांचा एक उंचवटा रचला, वरून पाणी झिरपावे म्हणून भोके पाडलेली नळी बसवली, आणि लंडनजवळच्या जंगलांतून आणलेले नेचे, शेवाळ, प्रिमरोज अशी सावलीतली देशी झाडे तिथे लावली. पाणी होते, सावली होती, माती होती. धुराने ती एकेक करून गेली.

१८२९ साली त्यांनी वेगळ्याच कामासाठी एक बरणी घेतली. त्यांना पतंगाचा कोष फुटताना पाहायचा होता. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ओलसर माती घातली, तीत कोष पुरला आणि वर झाकण लावले. रोज पाहताना ध्यानात आले, की दिवसा मातीतली ओल वाफ होऊन काचेवर थेंबांच्या रूपाने साचते आणि पुन्हा खाली मातीत उतरते. मातीची ओल कायम राहते. कोष फुटायच्या आठवडाभर आधी मातीवर दोन हिरवी टोके दिसली. एक होता नर-नेचा, जंगलातला, परसात जो काही केल्या जगला नव्हता तोच. दुसरे होते पोआ अॅन्युआ, तिकडे वाटेवर, अंगणात कुठेही उगवणारे साधे बारीक गवत.

पतंगाचे पुढे काय झाले यात वॉर्ड यांना फारसा रस उरला नसावा. बरणी त्यांनी खिडकीबाहेर ठेवली. जवळजवळ चार वर्षे तिला पाणी घातले नाही की झाकण काढले नाही. गवताला एकदा तुराही आला. शेवटी, ते घरी नसताना, गंजलेल्या झाकणातून पावसाचे पाणी आत गेले आणि दोन्ही झाडे कुजली. पाण्यावाचून नव्हे, पाण्यानेच गेली. रोपांच्या ट्रेवर काच किंवा प्लॅस्टिक झाकणाऱ्यांना हा प्रकार चांगला माहीत असतो.

हे बी कुणी पेरले होते? कुणीच नाही. मातीत ते आधीच होते. रानगवतांची बरीचशी बीजे सुकली तरी मरत नाहीत, मातीत निपचित पडून राहतात आणि ओल, ऊब, उजेड जुळून आला की रुजतात. आपला शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, ती स्थिती बरणीत आपोआप टिकून राहिली होती. आजही हरितगृहात जंगलातली देशी गवते बियांपासून वाढवायची तर पद्धत तीच: बारीक बी पृष्ठभागावर टाकायचे, वर जेमतेम चिमूटभर माती, फवाऱ्याने पाणी, आणि अंकुर दिसेपर्यंत झाकण. अंकुर वर आल्यावर मात्र वारा हवा, नाहीतर बुरशीने रोपे कोलमडतात. आणि बंद काच थेट उन्हात ठेवू नये. आतली रोपे शिजतात.

वॉर्ड यांनी हॅकनीच्या लॉडिजेस नर्सरीच्या मदतीने काचेच्या पेट्या बनवून घेतल्या. जून १८३३ मध्ये नेचे आणि गवते भरलेल्या दोन पेट्या कॅप्टन चार्ल्स मॅलार्ड यांच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाला निघाल्या. पोहोचल्या तेव्हा दोन-तीन लहान नेचे सोडले तर सगळे ताजे होते, आणि गवत झाकणाला डोके टेकत होते. सिडनीत त्याच पेट्यांत तिथली झाडे भरून परत धाडली. निघताना ३२ अंशांवर ऊन, केप हॉर्नला डेकवर बर्फ आणि शून्याखाली पारा, पुन्हा विषुववृत्ताची भट्टी. आठ महिन्यांनी पेट्या उघडल्या तेव्हा झाडे जिवंत होतीच, शिवाय वाटेत मातीतली काही ऑस्ट्रेलियन बीजे रुजून रोपेही तयार झाली होती. त्याआधी सागरी प्रवासात वीसपैकी एकोणीस रोपे मरत. लॉडिजेस यांच्या हिशेबाने आता वीसपैकी एकोणीस जगू लागली.

१८४२ मध्ये वॉर्ड यांनी या पेट्यांवर पुस्तक लिहिले. त्यात एक अख्खे प्रकरण गरिबांच्या घरांसाठी आहे. अंधाऱ्या खोलीतल्या खिडकीत स्वस्त पेटी असावी, थोडे हिरवे असावे, असे या डॉक्टरला वाटे. क्षयाच्या रोग्यांना धूरविरहित काचघरात ठेवता येईल का, हाही विचार त्यांनी मांडला. पण तेव्हा इंग्लंडात काचेवर कर होता. तो १८४५ मध्ये उठला. पेटी मग दिवाणखान्यांत शिरली ती श्रीमंतांची शोभा म्हणून. गरिबांसाठी त्यांनी योजलेले फारसे घडले नाही, आणि मला वाटते, त्यांच्या साऱ्या कामात तेवढे एकच काम खऱ्या अर्थाने डॉक्टरचे होते.

साम्राज्याला मात्र पेटी फार उपयोगी पडली. चहाचे बी गवताच्या बियांसारखे नसते. सुकले की मरते. म्हणून रॉबर्ट फॉर्च्युन यांनी चीनमध्ये ते पेटीतल्या ओल्या मातीतच पेरले, आणि १८५१ मध्ये कोलकात्याला पोहोचेपर्यंत ते रुजलेले होते. बारा हजारांहून अधिक रोपे हिमालयाच्या पायथ्याशी गेली. हिवतापावरच्या क्विनीनसाठी सिंकोना आणतानाही याच पेट्या होत्या. १८६० मध्ये क्लेमेंट्स मार्कहॅम यांच्या पेट्या तांबड्या समुद्राच्या उकाड्यातून मुंबईमार्गे उटीला गेल्या आणि त्यांतली रोपे जवळपास सगळी मेली. रिचर्ड स्प्रूस यांनी इक्वेडोरमधून धाडलेली रोपे व बी जगले, आणि निलगिरीत सिंकोनाची लागवड उभी राहिली. पेटीतल्या मातीबरोबर किडे आणि रोगही खंडोखंडी फिरले, ही तिची दुसरी बाजू.

वॉर्ड यांना यातून पैसा मिळाला नाही. १८५२ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. ४ जून १८६८ रोजी ते वारले. क्यू उद्यानात अशा पेटीतून आलेली शेवटची झाडे १९६२ मध्ये फिजीहून आली. आणि बरणीतले ते गवत, पोआ अॅन्युआ, आता अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावरही उगवते. तिथले शास्त्रज्ञ ते मुळासकट उपटून काढण्याच्या खटपटीत आहेत.