चौथी शिकलेल्या शेतकऱ्याच्या कारखान्यात सरकारने पैसे घातले, आणि त्यातूनच उसापासून वीज अन् इथेनॉलचा रस्ता निघाला

पेट्रोल पंपावर आता ई-२० लिहिलेलं असतं. म्हणजे टाकीत जाणाऱ्या शंभर लिटरमागे वीस लिटर इथेनॉल. हे इथेनॉल बरंचसं मका आणि तांदळापासून येतं आणि काही प्रमाणात उसापासून. ऊस म्हटलं की महाराष्ट्रात साखर कारखाना आला, कारखाना म्हटलं की सहकार आला, आणि सहकारी कारखान्याची गोष्ट सांगायची तर अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताचा अहिल्यानगर) लोणी गावात जावंच लागतं.

लोणी बुद्रुक. आजच्या राहाता तालुक्यातलं गाव. १८९७ सालच्या नारळी पौर्णिमेला इथल्या विखे पाटलांच्या घरात विठ्ठलरावांचा जन्म झाला. शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा म्हणजे शेती, गावकी आणि सावकाराचं खातं.

तेव्हाचा नगर जिल्हा म्हणजे दुष्काळी मुलूख. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर कर्ज. सावकाराच्या वहीत एकदा नाव चढलं की जमीन जाईपर्यंत ते उतरत नसे. विठ्ठलरावांनी यावर पहिला उपाय काढला तो १९२३ मध्ये. लोणी बुद्रुकला गावची सहकारी पतपेढी सुरू केली. गावातल्यांनी थोडे थोडे पैसे गोळा करायचे आणि गरजवंताला रास्त व्याजाने द्यायचे. आज वाचताना साधं वाटतं. पण सावकाराच्या गावात राहून सावकाराचं गिऱ्हाईक तोडणं ही साधी गोष्ट नव्हती.

त्याच सुमारास प्रवरेचं पाणी आलं. अकोले तालुक्यातलं भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहू लागला. आता शेतकरी श्रीमंत व्हायला हवा होता. झालं उलटंच.

ऊस केला की गूळ करायचा. गुऱ्हाळ घालायचं, चिपाड वाळवून चुलवाणात जाळायचं, काहिलीत रस आटवायचा. (उसाचा रस उसाच्याच चिपाडावर शिजवायचा ही युक्ती आपल्याकडे कुठल्याही ऊर्जा धोरणाच्या कितीतरी आधीपासून आहे, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.) पण गुळाचा भाव आडत्याच्या हातात. १९३०च्या जागतिक मंदीत तो असा कोसळला की पाटपट्टी आणि खताचा खर्च निघेना. पाणी होतं, पीक होतं, कर्जही होतंच.

इकडे सरकारने १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला. बाहेरून येणाऱ्या साखरेवर जबर जकात बसली आणि देशातले कारखाने काही वर्षांत तिशीतून शंभराच्या पुढे गेले. सरकारने धोरण आखलं की उद्योग कसा उभा राहतो, याचं हे नमुनेदार उदाहरण. फक्त फायदा गेला कारखाना काढू शकणाऱ्याकडे. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना होता. शेतकऱ्याच्या वाट्याला कारखान्याचं धुराडं बघणं आलं.

मग हा कारखाना आपलाच का नसावा, हा प्रश्न आला.

१९४५ मध्ये बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, दख्खनच्या कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. गाडगीळ हे नुसते व्यासपीठावरचे विद्वान नव्हते. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे नेमका किती आणि कुणाचा फायदा झाला, याची पाहणी त्यांच्या संस्थेने केली होती. ती १९४८ मध्ये पुस्तकरूपाने आली. या भागातल्या शेतकऱ्याचा जमाखर्च त्यांना तोंडपाठ होता म्हणा ना.

विठ्ठलराव आणि गाडगीळ ही जोडी जमली. एक गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागाचे पैसे गोळा करणारा, दुसरा ती योजना सरकार आणि बँकांना पटेल अशा भाषेत मांडणारा. यातलं पहिलं काम जास्त अवघड होतं, असं मला वाटतं. नसलेल्या कारखान्यासाठी, कागदाच्या एका तुकड्याच्या बदल्यात, मंदीत पोळलेला शेतकरी पैसे देणार कशाला? विठ्ठलरावांकडे तारण म्हणून दाखवायला एकच गोष्ट होती, पंचवीस वर्षं चाललेली पतपेढी.

तरीही शेतकऱ्यांच्या पैशात साखर कारखाना होत नसतो. यंत्रसामग्रीला लाखो रुपये लागतात. आणि इथे खरा पेच होता. बँक म्हणणार, आधी कारखाना दाखवा. शेतकरी म्हणणार, आधी कर्ज मंजूर करून दाखवा. कोणत्याही नव्या तंत्राची किंवा नव्या रचनेची गाडी नेमकी याच जागी अडते. आज हरित हायड्रोजनची अडते, तेव्हा सहकारी साखर कारखान्याची अडली होती.

ही कोंडी फोडली मुंबई सरकारने. तेव्हाचे अर्थ आणि सहकार मंत्री होते वैकुंठभाई मेहता, स्वतः आयुष्यभर सहकारात काम केलेला माणूस. सरकारने अनुदान देऊन हात झटकले नाहीत. कारखान्याचे भाग विकत घेतले, म्हणजे शेतकऱ्यांच्या बरोबरीने धोका पत्करला. सरकार आत आलं म्हटल्यावर कर्ज देणाऱ्यांचीही भीड चेपली आणि केंद्राच्या नव्या औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज मिळालं. गाडगीळ अध्यक्ष आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष झाले. ३१ डिसेंबर १९५० ला प्रवरेच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला.

इथे एक दुरुस्ती करू. प्रवरेला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणतात, तुम्हीही तो फॉरवर्ड वाचला असेल. पण आंध्रात एटिकोप्पाका इथे १९३३ मध्येच सहकारी साखर कारखाना निघाला होता. प्रवरेचं मोठेपण वेगळं आहे. शेतकऱ्याचे भाग, सरकारचे भाग आणि वित्तसंस्थेचं कर्ज हा तिहेरी साचा इथे चालून दाखवला गेला आणि मग महाराष्ट्रभर त्याची नक्कल झाली. १९५४ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीने सहकारात सरकारने भागीदार व्हावं अशी शिफारस केली. त्या समितीत गाडगीळ होते. लोणीला तो प्रयोग आधीच झालेला होता.

१९६१ मध्ये विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी पंडित नेहरू प्रवरानगरला येऊन गेले. याच जिल्ह्याच्या किल्ल्यात इंग्रजांनी नेहरूंना १९४२ पासून अडीच वर्षांहून जास्त काळ डांबून ठेवलं होतं. पुढे प्रवरेच्या परिसरात शाळा, महाविद्यालयं, दवाखाना उभा राहिला.

आता ते चुलवाण आठवा. साखर कारखाना हे त्याच गुऱ्हाळाचं मोठं रूप. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो ओलसर चिपाड उरतं. ते बॉयलरमध्ये जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं, उरलेल्या वाफेवर रस आटवायचा. कोळसा जवळजवळ लागतच नाही. जुन्या कारखान्यांचे बॉयलर कमी दाबाचे असत, त्यामुळे स्वतःपुरती वीज निघे आणि चिपाड उरलं तर ती कटकट वाटे. जास्त दाबाचा बॉयलर बसवला तर त्याच चिपाडातून बाहेर विकण्याइतकी वीज निघते. हाच सहवीजनिर्मिती प्रकल्प.

साखर काढून झाल्यावर मळी उरते. टनामागे चाळीसेक किलो, आणि तिच्यातून दहाएक लिटर अल्कोहोल. ते पेट्रोलमध्ये मिसळायची कल्पना नवी अजिबात नाही. प्रवरेची जुळवाजुळव चालू असतानाच, १९४८ मध्ये, दिल्लीत पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता. तो पन्नास वर्षं जवळपास पडून राहिला आणि २००० मध्ये रद्द झाला. कायदा होता, पण ते अल्कोहोल ठरलेल्या भावाने घेणारं कुणी नव्हतं.

विठ्ठलराव २७ एप्रिल १९८० रोजी गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी केंद्राने साखरेवरच्या उपकरातून साखर विकास निधी उभा केला आणि पुढे त्यातून सहवीज आणि इथेनॉलसाठी स्वस्त कर्जं मिळू लागली. २००१ मध्ये इथेनॉलमिश्रित पेट्रोलची चाचणी देशात तीन ठिकाणी झाली, त्यातली दोन मिरज आणि मनमाड, दोन्ही महाराष्ट्रातली. २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण ठरलं. पण २०१३-१४ पर्यंत देशाचं प्रमाण दीड टक्क्यावरच घुटमळत होतं. २०१८ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला परवानगी, ठरलेला खरेदीभाव आणि प्रकल्पाच्या कर्जावर व्याजसवलत असं सगळं एकदम आलं, तेव्हा गाडी पळाली.

या काळात एक गोष्ट बदलली. १९५० मध्ये सरकार स्वतः भागधारक होऊन आत बसलं होतं. आता ते बाहेरून व्याजसवलत देतं, भाव ठरवतं आणि वेळ आली की नियमही बदलतं. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने एका आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल करणं थांबवलं, कारण साखर कमी पडण्याची भीती होती. काही दिवसांत थोडी सूट दिली. पण प्रकल्पासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते कारखान्यांना चुकले नाहीत.

तशी जुन्या साच्याचीही किंमत होतीच. सरकारचे भाग आणि हमी आली तशी सत्ताही कारखान्यात आली. सरकारी हमीवर कर्ज काढून आजारी पडलेले कारखाने महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले. शिवाय एक लिटर अल्कोहोलमागे दहा ते पंधरा लिटर स्पेंट वॉश नावाचं काळं सांडपाणी निघतं, त्याची नीट विल्हेवाट लावली नाही तर विहिरी नासतात. आणि ऊस पितो ते पाणी भंडारदऱ्यासारख्या धरणांचंच. दुष्काळाच्या वर्षी नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला किती सोडायचं यावरून नगर आणि मराठवाडा आजही कोर्टात जातात.

लोणीजवळच्या त्या कारखान्याला आता विठ्ठलरावांचंच नाव आहे. तो अजून सहकारी आहे.