चौसष्ट दिवसांचा एकांतवास

एचआयव्हीबाधितांना औषधांइतकीच माणसांच्या सहवासाचीही गरज असते. आज सर्वमान्य असलेला हा विचार भारतात रुजविण्यासाठी ज्यांना आपले खासगी दुःख चारचौघांसमोर मांडावे लागले, त्यांत गोव्याचे डॉमनिक डिसोझा यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

म्हापशाजवळील पर्रा गावचे डॉमनिक नियमितपणे रक्तदान करीत. त्यांनी दिलेल्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू आढळला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. कारणाची धड कल्पनाही न देता क्षयरोग्यांच्या एका जुन्या, ओस इमारतीत त्यांना पहाऱ्यात ठेवण्यात आले. गोव्याच्या तत्कालीन सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधितांना सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद होती. वास्तविक, स्पर्शाने किंवा एकत्र जेवल्याने हा संसर्ग होत नाही, हे वैद्यकशास्त्राला तेव्हाही ठाऊक होते. प्रकृती ठणठणीत असलेल्या या तरुणाला आजाराने नव्हे, तर आजाराच्या भीतीने बंदिवान केले होते.

आई ल्युसी यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. वकील आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली. मित्रमंडळी व गावकरी रस्त्यावर उतरले. ६४ दिवसांनंतर न्यायालयाच्या आदेशाने डॉमनिक घरी परतले. मात्र अंतिम निकालात न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद वैधच ठरवली. शिवाय नोकरीही गेली.

तरीही डॉमनिक यांनी तोंड लपविले नाही. बाधित म्हणून नाव उघड करणे म्हणजे बहिष्कार ओढवून घेणे, असा तो काळ होता. त्या काळात ते जाहीरपणे बोलत राहिले. निदानानंतरचे एकटेपण, अपराधी भावना आणि घरच्यांची होणारी घुसमट त्यांनी स्वतः अनुभवली होती. इतर बाधितांना आधार मिळावा म्हणून १९९२ मध्ये त्यांनी मैत्रीण इझाबेल द सांता रिता वाझ यांच्यासह 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभारली. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत त्यांचे निधन झाले. प्रभावी औषधोपचार तेव्हा उपलब्ध नव्हते.

त्यांच्या पश्चात संस्थेचे कार्य सुरू राहिले. त्यांच्या जीवनाशी साधर्म्य असलेला 'माय ब्रदर निखिल' हा चित्रपट २००५ मध्ये आला. बाधितांशी भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा देशात २०१७ मध्ये संमत झाला. डॉमनिक यांना कोंडले गेले, त्याला तेव्हा २८ वर्षे लोटली होती.